‘इमॅन्सिपेट’ : सोडणारा कोण, सुटणारा कोण?



मी भाषातज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आज्ञा कोण देतो आणि ती कोणावर चालते, हे आमच्या कामात रोज तपासावं लागतं. त्याच सवयीने आज ‘इमॅन्सिपेट’ या इंग्रजी क्रियापदाकडे पाहू.

कैदी तुरुंगातून सुटला की इंग्रजीत ‘रिलीज’ म्हणतात. परक्या फौजेच्या ताब्यातून देश सुटला की ‘लिबरेट’. कायद्याने किंवा रूढीने लादलेल्या बंधनातून माणसाला मोकळं करणं, ते ‘इमॅन्सिपेट’. शब्दाचं मूळ लॅटिन. त्यात ‘मानुस’ म्हणजे हात दडलेला आहे. रोमन कायद्यात मुलगा कितीही मोठा झाला तरी बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या सत्तेखाली असे. बापाने त्याला त्या सत्तेतून मोकळं करणं, हा या शब्दाचा मूळ अर्थ.

म्हणजे हात सत्ताधाऱ्याचा. व्याकरणातही सोडणारा कर्ता, सुटणारा नुसता कर्म.

‘लिंकनने गुलामांना मुक्त केलं’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. १ जानेवारी १८६३ चा त्यांचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता. संघराज्यात राहिलेल्या केंटकी, मेरीलँडमधल्या गुलामांना तो लागू नव्हता. देशभर गुलामगिरीवर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. पण जाहीरनाम्याआधीच हजारो गुलाम पळून उत्तरेच्या लष्करी छावण्यांत पोहोचले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. त्या एका वाक्यात हे कुठेच येत नाहीत.

फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये मेरीलँडहून पळाले. कायद्याच्या लेखी मात्र ते गुलामच राहिले. १८४६ मध्ये ब्रिटनमधल्या मित्रांनी पैसे जमवून मालकाकडून त्यांची सुटका विकत घेतली, तेव्हा कागद हाती आला. कागद गरजेचाच होता. त्याशिवाय अमेरिकेत परतल्यावर पकडले जाण्याचा धोका होता. पण मोकळं होण्याची सुरुवात कागदाने केली नव्हती.

मराठीत ‘सोडणं’ वेगळं आणि ‘स्वतःला सोडवून घेणं’ वेगळं. आपण दोन भाषांत लिहितो. तेव्हा ‘अमुक समाजाला मुक्त केलं’, ‘स्त्रियांना मुक्त केलं’ असं लिहिण्याआधी एवढंच विचारू या : कायदा कोणी केला, आणि त्यासाठी झगडलं कोण? दोघांनाही वाक्यात कर्त्याची जागा मिळाली पाहिजे.