गिरणीचा गोंगाट, आपले कान आणि जडीबुटी



न्यासाच्या या मंगल प्रसंगी आम्ही कानांविषयी बोलणार, याचे कुणास नवल वाटेल. परंतु आपले इंदूर एके काळी गिरणीच्या भोंग्यावर उठणारे शहर होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल येथे कित्येकांच्या वडीलधाऱ्यांनी आपली उमेद घालविली. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न २०२३ च्या डिसेंबरात मार्गी लागला. पण साळखात्यात गेलेल्या कानांची भरपाई कशी व्हावी?

आमचे एक काका साळखात्यात होते. साचे सुरू असता शेजाऱ्याशी खुणांनीच बोलावे लागे. पुढे घरी ते म्हणू लागले, "तुम्ही सारे पुटपुटता." मग कुणी अश्वगंधा सुचविली, कुणी बेलाचे तेल, कुणी परदेशी गिंकोच्या गोळ्या. दोन वर्षे पुड्या आणून देणारे आम्हीच होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

आयुर्वेदाचा आम्हांस अभिमान आहे. बाधिर्य व कर्णनाद यांचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. परंतु अंतर्कर्णात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. गोंगाटाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रथम तीव्र स्वर जातात. म्हणून आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत काही वनस्पतिजन्य द्रव्यांनी थोडे संरक्षण दिलेले दिसले; पण माणसाचे गेलेले ऐकणे परत आणणारी जडीबुटी अद्याप सिद्ध झालेली नाही.

मग गुण आल्याचे लोक का सांगतात? अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कर्ण्यासमोर उभे राहिले की कानांत दडे बसतात. ते बहुधा एकदोन दिवसांत आपोआप उतरतात. यश मात्र चूर्णाच्या पदरी पडते! पडद्याला छिद्र असता तेल घालणे अपायकारक आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असता गिंको घेणे धोक्याचे. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तेथे पुड्यांत दिवस घालविणे महागात पडते.

काकांनी शेवटी कान तपासून श्रवणयंत्र लावले. पहिल्या दिवशी नातीने मागून हाक मारली आणि ते वळले. सारे घर स्तब्ध झाले. ती दोन वर्षे आम्ही त्यांना परत देऊ शकत नाही.

म्हणून न्यासास विनंती, की वृद्धांच्या श्रवणतपासणीस व गरजूंच्या श्रवणयंत्रास आपल्या दानात स्थान असावे. तरुणांनी कारखान्यात कानांवर संरक्षक लावावा आणि उत्सवात कर्ण्यापासून दूर राहावे. राखलेले कान हेच खरे औषध.