पाऊण सेंटाचे वचन



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. शहराला पोलीस आणि अग्निशामक यांची संख्या वाढवावयाची आहे, तिजोरीत मात्र पैसा नाही. अशा वेळी दुकानात होणाऱ्या खरेदीवर थोडा जादा कर बसवावा काय, आणि तो बसवताना नागरिकांना कोणते वचन द्यावे, हा तो विषय होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, हा प्रश्न थेट मतदारांपुढे येतो. आपल्याकडे कर ठरतो तो विधिमंडळात किंवा महापालिकेच्या सभागृहात. आपण तो भरतो, त्याविषयी कुरकुर करतो. पण 'हा कर मला मान्य आहे' अशी खूण मतपत्रिकेवर करण्याचा प्रसंग आपल्यावर येत नाही. म्हणूनच ज्यांच्यावर तो येतो, त्यांना नेमके काय विचारले जाते हे पाहणे उद्बोधक आहे.

त्यासाठी एकच शहर घेऊ. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात सॅन होआकीन नदीच्या काठी स्टॉक्टन नावाचे सुमारे तीन लाख वस्तीचे शहर आहे. या शतकाच्या आरंभी तेथे घरांच्या किंमती भराभर वाढल्या. त्या भरात नगरपरिषदेने कर्ज काढून क्रीडागार बांधले, नदीकाठ सुशोभित केला. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराचा भार तर तिने आधीच शिरावर घेतलेला होता. २००७ नंतर घरांचा बाजार कोसळला. हजारो घरे कर्जफेडीअभावी जप्त झाली आणि मालमत्ताकराचे उत्पन्न आटले. २८ जून २०१२ रोजी स्टॉक्टनने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्या दिवसापर्यंत अमेरिकेतील इतक्या मोठ्या शहराने असे पाऊल उचललेले नव्हते; पुढल्याच वर्षी डेट्रॉइटने हा मान हिरावून घेतला.

दिवाळखोरीपूर्वीच्या तीन-चार वर्षांत नगरपरिषदेने पोलीस दल सुमारे एक-चतुर्थांशाने कमी केले, अग्निशमन दल सुमारे ३० टक्क्यांनी, आणि इतर नोकरवर्ग त्याहूनही अधिक. २०११ साली शहरात ५८ खून झाले, २०१२ साली ७१. तेथील नागरिकांपुढे जादा कराची मागणी आली ती या आकड्यांच्या सावटाखाली.

येथे कोणीही विचारील की, शहराने मालमत्ताकरच का वाढवला नाही? याचे उत्तर १९७८ सालात आहे. त्या वर्षी जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रस्ताव क्र. १३' मंजूर केला. त्याने मालमत्ताकर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला, आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही असा निर्बंध घातला. शहरांच्या हातातील जुने आणि भरवशाचे साधन असे गोठून गेले. तेव्हापासून शहरांची दृष्टी दुकानांकडे वळली. राज्याच्या विक्रीकरावर शहराने स्वतःचा पाव, अर्धा किंवा एक टक्का चढवावयाचा, राज्याने तो वसूल करून शहराला द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. मात्र त्यासाठी मतदारांची संमती हवी.

ही संमती किती मतांची, हा या विषयाचा गाभा आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा स्थानिक करांचे दोन वर्ग करतो. मराठीत त्यांना सर्वसाधारण कर आणि विशेष कर असे म्हणता येईल. भाषांतर करणाऱ्याला हे शब्द अगदी निरुपद्रवी वाटतात. पण सारी कोंडी या दोन विशेषणांतच आहे. सर्वसाधारण कराचा पैसा शहराच्या सामान्य निधीत जातो आणि परिषद तो हव्या त्या कामी खर्चू शकते. त्याला निम्म्याहून एक मत अधिक मिळाले की पुरे. विशेष कराचा पैसा कायद्याने ठरलेल्या कामापुरता, उदाहरणार्थ पोलीस आणि अग्निशमन यांच्यापुरता, राखून ठेवला जातो. त्याला मात्र दोन-तृतीयांश मते लागतात. म्हणजे परिषद जितके कमी बांधून घेते, तितकी तिला कमी मते पुरतात. जो लोकांना पक्के वचन देतो त्याच्यापुढे भिंत उंच, आणि जो मोघम बोलतो त्याच्यापुढे ठेंगणी, अशी ही उफराटी रचना आहे. करवाढीला आळा घालण्याच्या हेतूने ती झाली हे खरे, परंतु तिचा परिणाम वचनांवर झाला.

यातून पळवाटा निघाल्या नसत्या तरच नवल. १९८८ साली सॅन डिएगो परगण्यात न्यायालये आणि तुरुंग यांच्यासाठी अर्ध्या सेंटाचा कर साध्या बहुमताने मंजूर करून घेण्यात आला. त्यासाठी मुद्दाम एक स्वतंत्र संस्था निर्माण केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ही युक्ती ओळखली आणि दोन-तृतीयांश मतांअभावी तो कर अवैध ठरवला. त्यानंतर १९९६ मध्ये सांता क्लारा परगण्याने अधिक चतुर मार्ग काढला. मतपत्रिकेवर दोन प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवले. एकात अर्ध्या सेंटाचा सर्वसाधारण कर, कामाचा उल्लेख नाही. दुसऱ्यात रस्ते आणि रेल्वे यांच्या कामांची यादी, आणि 'पैसा आला तर तो येथे खर्चावा असा आमचा सल्ला आहे' एवढेच. सल्ला बंधनकारक नसतो, म्हणून कर विशेष ठरत नाही. १९९८ साली अपील न्यायालयाने ही रचना वैध मानली. हा नमुना राज्यभर 'ए आणि बी' या नावाने ओळखला जाऊ लागला.

स्टॉक्टनने नोव्हेंबर २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. प्रस्ताव 'ए' पाऊण सेंटाचा होता. डॉलरमागे पाऊण सेंट, म्हणजे शंभर डॉलरांच्या खरेदीवर ७५ सेंट. त्यामुळे शहरातील एकूण विक्रीकर सव्वाआठ टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर जाणार होता. मुदत दहा वर्षे, किंवा आर्थिक स्थिती सावरेपर्यंत. त्याच्या शेजारी सल्ल्याचा प्रस्ताव 'बी': उत्पन्नापैकी ६५ टक्के पोलीस आणि गुन्हेप्रतिबंध यांच्यावर, ३५ टक्के दिवाळखोरीतून बाहेर पडण्यासाठी आणि इतर सेवांसाठी. परिषदेच्या योजनेत १२० जादा पोलिसांची भरती होती. प्रस्ताव 'ए'ला सुमारे ५२ टक्के मते पडली. विशेष कर म्हणून तो मांडला असता तर सपशेल पडला असता. आणि गंमत अशी की, 'बी'ला 'ए'पेक्षा अधिक मते मिळाली. कर नको म्हणणाऱ्यांपैकीही काहींनी, घेणारच असाल तर निदान पोलिसांवर खर्च करा, असे बजावून ठेवले होते.

आता असे म्हणता येईल की, दोन-तृतीयांश मते मिळवून बांधून घेतलेला विशेष कर हाच प्रामाणिक मार्ग. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु स्टॉक्टनचाच इतिहास या समजुतीच्या आड येतो. २००४ साली तेथील मतदारांनी पोलीस आणि अग्निशमन यांच्यासाठी पाव सेंटाचा विशेष कर मंजूर केलेला होता. तो चालू असतानाच दल एक-चतुर्थांशाने आटले. असे का व्हावे? एक तर विक्रीकर हा बाजाराबरोबर डोलणारा कर आहे. लोक गाडी, फर्निचर, बांधकामाचे सामान घेईनासे झाले की तो घसरतो. आणि शहराला त्याची निकड नेमकी त्याच वेळी असते. दुसरे असे की, पैशाला रंग नसतो. राखीव कराने चाळीस पदांचा पगार भागवला, तरी सामान्य निधीतून चालणारी दुसरी पदे रद्द करण्यास त्याने अटकाव होत नाही. नवा पैसा जुन्याला पूरक ठरतो की त्याची जागा घेतो, हे करावर ठेवलेल्या नावावरून कळत नाही. १९९३ साली राज्यभरातील मतदारांनी सार्वजनिक सुरक्षेसाठी अर्ध्या सेंटाचा कर कायम केला. दक्षिण कॅलिफोर्नियातील भीषण वणवे तेव्हा नुकतेच पेटून गेले होते. पण त्याच सुमारास राज्याने शहरांचा आणि परगण्यांचा मालमत्ताकराचा मोठा वाटा शाळांकडे वळवला होता. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले, असा हा हिशोब.

अग्निशमनाच्या बाबतीत मनुष्यबळाचे गणित आणखी कठोर आहे, ते थोडे सविस्तर सांगावयास हवे. अमेरिकेच्या संघराज्यीय नियमानुसार, जळत्या इमारतीत दोघे शिरले तर बाहेर निदान दोघे सज्ज असावे लागतात. म्हणून एका बंबावर चार माणसे हवीत, असा आग्रह धरला जातो. तीनच माणसे पाठवली तर आत शिरण्यापूर्वी दुसऱ्या बंबाची वाट पाहावी लागते. अडकलेल्या माणसाच्या सुटकेपुरता अपवाद आहे. आता चार माणसे अहोरात्र हजर ठेवावयाची. आठवड्याचे तास १६८, एका माणसाच्या कामाचे सरासरी ५६. म्हणजे प्रत्येक जागेला तीन माणसे, एका बंबाला बारा. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण यांची भर घालावयाची. मतदाराला 'एक जादा माणूस' असे सांगितले जाते तेव्हा प्रत्यक्षात तीन पगार असतात, आणि त्यांच्यामागे निवृत्तिवेतनाचे दायित्व असते. मुदत दहा वर्षांची, नेमणूक तीस वर्षांची: या विसंगतीकडे करप्रस्तावाच्या पत्रकांत क्वचितच लक्ष वेधले जाते.

पोलिसांच्या बाबतीत एक आकडा मला मतदारांपुढे मोकळेपणाने ठेवावासा वाटला असता. २०१२ मध्ये ७१ असलेली खुनांची संख्या २०१३ मध्ये ३२ वर आली; आणि नवा कर सुरू झाला तो १ एप्रिल २०१४ पासून. म्हणजे निम्म्याहून मोठी घट जादा पोलिसांचा एक पैसाही येण्यापूर्वी झाली. पुढे २०१४ मध्ये, कर सुरू असताना, हा आकडा ४९ वर गेला. मनुष्यबळ निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. हाकेला पोलीस येईल की नाही, घरफोडीची तक्रार कोणी नोंदवून घेईल की नाही, हे संख्येवरच अवलंबून असते. पण 'इतके पोलीस घ्या, इतके खून कमी होतील' असा सौदा कोणी मांडत असेल, तर तो मान्य करू नये.

शेजारच्या व्हायेहो शहराचा दाखला निराळा आहे. ते २००८ मध्येच दिवाळखोरीत गेले. २०११ साली तेथे एक सेंटाचा सर्वसाधारण कर अत्यंत निसटत्या बहुमताने मंजूर झाला. पैसा बांधलेला नसल्याने परिषदेने २०१२ मध्ये त्यातील ३० टक्के भाग नागरिकांनी स्वतः योजना सुचवून, मते देऊन खर्चावा असे ठरवले. लोकांनी रस्त्यांची दुरुस्ती, पथदीप, सामुदायिक बागा अशी कामे निवडली. ज्यांना या कराकडून केवळ पोलिसांची अपेक्षा होती, त्यांना हे रुचणे कठीण. परंतु अंधाऱ्या गल्लीत दिवा लावणे हे सुरक्षेच्या बाहेरचे काम आहे, असे मला म्हणवत नाही.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना या साऱ्यात जकातीची आठवण व्हावी. दोन्ही कर मालाच्या व्यवहारावर उभे, दोन्हींचा भार अखेर गिऱ्हाइकावर. आणि गरिबाच्या मिळकतीचा मोठा भाग खरेदीत जात असल्याने त्याला तो जड जातो. कॅलिफोर्नियात घरी शिजवावयाचे बहुतेक अन्न आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांवर विक्रीकर नाही, हा मोठाच दिलासा. कपडे, भांडी आणि वह्या यांवर तो आहे. मात्र एक भेद महत्त्वाचा. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर संपली, आणि तेव्हापासून महापालिकेला त्या जागी राज्याकडून भरपाई मिळते. आपल्या घटनेत पोलीस हा राज्याचा विषय, तर अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांच्या कामांत मोडते. बंब नगराचा, पण त्याचा पैसा पुष्कळ अंशी वरून येणारा. स्टॉक्टनच्या मतदाराला आपल्या पैशाचा माग निदान नगरभवनापर्यंत काढता येतो.

२०१७ मध्ये अपलँड शहराच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक नवी वाट मोकळी केली. परिषदेने नव्हे, तर नागरिकांनीच सह्या गोळा करून करप्रस्ताव आणला, तर करविषयक काही निर्बंध त्याला लागू होत नाहीत, असा तो निर्णय. त्यावरून पुढे अपील न्यायालयांनी अशा विशेष करांना साधे बहुमत पुरे ठरवले. पक्के वचन आणि ठेंगणी भिंत यांचा मेळ त्यामुळे बसतो खरा. पण सह्या गोळा करण्याचा खर्च कोण उचलतो, आणि ज्या कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून वाढणार त्यांच्या संघटना त्यात कुठे आहेत, हे प्रश्न आता विचारावे लागतात.

मी स्टॉक्टनची मतदार असते तर 'ए' आणि 'बी' दोहोंनाही संमती दिली असती, असे वाटते. मात्र सल्ल्यातील ६५ टक्क्यांच्या आकड्यावर माझी भिस्त नसती. कर सुरू होण्यापूर्वी सामान्य निधीतून पोलिसांवर किती खर्च होत होता, तो आकडा मी लिहून ठेवला असता आणि दर वर्षीच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहिला असता. प्रस्तावात नागरिकांच्या देखरेख समितीची तरतूद होती. तिच्या बैठकीत हाच आकडा मागितला असता. दुकानदार १ एप्रिलपासून कर घेऊ लागला. त्या दिवशी भरतीचा अर्ज करणारा नवखा उमेदवार मात्र निवडीच्या चाचण्या, सुमारे सहा महिन्यांचे पोलीस विद्यालय आणि त्यानंतर अनुभवी शिपायाबरोबरची गस्त, एवढे सारे आटोपून एकट्याने रस्त्यावर उभा राहणार होता तो पुढल्या वर्षी.