अनेकांतदृष्टी आणि ख्रिस्ती श्रद्धा
(शेंदूरजनाघाट येथे सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एका साध्या प्रश्नाचा विचार करणे उचित ठरेल. समाजातील कित्येक मुले मिशनच्या शाळांत शिकतात. सकाळी कानावर येशूची प्रार्थना पडते, सायंकाळी मंदिरात णमोकार मंत्राचा जप होतो. मग एखादे मूल विचारते, "त्यांचा देव आणि आपले भगवान एकच का?" "सगळे धर्म सारखेच," असे सांगून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. परंतु हे उत्तर खरे आहे काय?

हा प्रश्न थोरामोठ्यांनाही पडला होता. मुंबईत शिकलेले वीरचंद राघवजी गांधी यांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत जैन तत्त्वज्ञान मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी निकोलस नोतोविच यांच्या येशूविषयक फ्रेंच पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. येशू तरुणपणी भारतात येऊन येथील धर्मतत्त्वे शिकला, असे ते पुस्तक सांगत होते. परंतु १८९५ साली आग्र्याचे प्राध्यापक डग्लस यांनी लडाखच्या हेमिस मठात जाऊन चौकशी केली, तेव्हा असा ग्रंथ मठात नाही, असे तेथील प्रमुख लामांनी स्पष्ट सांगितले. दुसऱ्याच्या घरी आपलीच वस्तू सापडावी, ही इच्छा विद्वानालाही चकवू शकते.

बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी वेगळा मार्ग धरला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी बायबलातील कथांचा रूपकात्मक अर्थ लावला. आदम आणि एदेन बागेची कथा ही इतिहास नसून जीवाच्या बंधाची व पतनाची कथा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अभ्यास अफाट, हेतू सद्भावनेचा. तथापि परंपरानिष्ठ ख्रिस्ती माणसाला हा अर्थ मान्य होणे कठीण. त्याच्या दृष्टीने क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान हे रूपक नव्हे, तर प्रत्यक्ष घडलेली घटना आहे. ती काढून घेतली तर त्याच्या श्रद्धेचा पायाच निखळतो.

भेद मुळातच आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वर विश्वाचा निर्माता आहे; मनुष्य पापी आहे आणि त्याचे तारण ईश्वरी कृपेने होते. जैन दर्शनात विश्व अनादि-अनंत असून सहा द्रव्यांचे आहे, त्याला कर्ता नाही. ज्याचे कर्म त्यानेच भोगावे आणि त्यानेच निर्जरा साधावी. तीर्थंकर मोक्षमार्ग दाखवतात. कोणाचे कर्म आपल्या माथी घेत नाहीत.

मग दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. मुक्तागिरीचे यात्रेकरू ज्या परतवाड्यावरून जातात, त्याच्याजवळच कोठारा येथे ख्रिस्ती सेवाभावातून चालणारे कुष्ठरुग्णालय आहे. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. ती करुणा पाहून अहिंसेच्या उपासकाचे मस्तक नम्र व्हावे. त्यासाठी सृष्टिकर्ता मान्य करावा लागत नाही. क्षमेचेही असेच आहे. ख्रिस्ती भाविक ईश्वराजवळ क्षमा मागतो आणि स्वतःही इतरांना क्षमा करतो. जैन श्रावक क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागतो. वाटा भिन्न असल्या तरी दोन्हीकडे अहंकार गळतो.

अनेकांत म्हणजे "सगळे सारखेच" म्हणणे नव्हे. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, म्हणून दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच अर्थाने ऐकून घेणे आणि आपले म्हणणे न लपवता सांगणे, हा अनेकांताचा आचार आहे. मुलाला उत्तर द्यावे ते असे: "बाळा, त्यांचे मानणे वेगळे, आपले वेगळे. दोन्ही नीट समजून घे. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी आदराने उभा राहा, आणि आपला णमोकार अर्थासह शिक."

तो अर्थ शिकवणारी पाठशाळा गावोगावी नित्य चालू राहावी, हीच या महोत्सवाची खरी फलश्रुती ठरेल.

जय जिनेन्द्र!