थकलेला शिकारी आणि शक्तीचा जमाखर्च

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं शिकारीस बंदी आहे. परंतु अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत ती अद्याप परवान्यानें चालते. दरवर्षीं नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत तेथें बंदुकीनें हरणें मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि हरणाचें मांस अनेक घरांच्या हिंवाळ्याच्या बेगमींत जमा होतें.

कोविडच्या साथीनंतर अशा कित्येक शिकाऱ्यांपुढें नवाच प्रश्न उभा राहिला. ताप गेला, खोकला गेला; थकवा मात्र गेला नाहीं. या विकारास लाँग कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२१ मध्यें त्याची व्याख्या ठरविली.

हा थकवा म्हणजे कष्टाचा साधा शीण नव्हे. शीण झोपेनें उतरतो. हा उतरत नाहीं. शिवाय तो सावकारासारखा आहे. श्रमाच्या दिवशीं गप्प बसतो, आणि बहुधा १२ ते ४८ तासांनीं व्याजासह वसुलीस येतो. मग माणूस कित्येक दिवस, कधीं कित्येक आठवडे, अंथरुणास खिळतो. ही आळसाची सबब नव्हे. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अशा रोग्यांच्या स्नायूंतील बिघाड श्रमानंतर वाढलेला आढळला. म्हणून ‘जरा नेट लावा, संवय होईल’ हा उपदेश येथें घातक ठरतो.

आतां शिकारींत चाप ओढण्यास बळ तें किती लागणार? खरा खर्च पुढेंच असतो. जखमी हरणाचा माग काढणें, त्याचें पोट साफ करणें, आणि पन्नास-साठ किलोंचें धूड बर्फांतून मोटारीपर्यंत ओढीत आणणें! यास्तव जाणता शिकारी जमाखर्च शेवटाकडून मांडतो. परतीच्या वाटेचें बळ प्रथम बाजूस ठेवावें, मग ओझ्याचें. उरेल तेवढ्यांतच जाणें आणि बसणें भागवावें. रस्त्याजवळची जागा निवडावी. झाडावरील मचाणापेक्षां जमिनीवरील आडोसा बरा. कारण घेरी आल्यास मचाणावरून पडण्याचें भय असतें. ओझ्यासाठीं चाकांची हातगाडी व धडधाकट सोबती आधींच ठरवावा. सकाळचे दोन तास पुरे मानावे, आणि दुसऱ्या दिवशीं कितीहि हुशारी वाटली तरी विसांवा घ्यावा. ज्यांस चालणेंच अशक्य झालें आहे, त्यांस वैद्यकीय दाखल्यावरून उभ्या मोटारींतून नेम धरण्याचा परवाना त्या राज्यांत मिळूं शकतो.

एका बाबतींत मात्र तडजोड नाहीं. या विकारांत कधीं कधीं बुद्धीवरहि धुकें पसरतें. तसें वाटतांच बंदुकींतील काडतूस काढून घ्यावें आणि सोबत्यास हांक मारावी. आणि माग काढण्याइतकें बळ उरलें नसेल तर हरिण समोर उभें असलें तरी चाप ओढूं नये. स्वतःच्या थकव्याची किंमत मुक्या जनावरानें तळमळत भरावी, हें कोणत्याहि शिकाऱ्यास शोभत नाहीं. रिकाम्या हातांनीं पण स्वतःच्या पायांनीं घरीं आलेल्या माणसास पुढच्या हंगामाची आशा असते.