किल्ल्यावरची चित्रे : माती आणि साचा



दिवाळीला अजून अर्धे वर्ष आहे. वैशाखाच्या या उकाड्यात किल्ल्यावरच्या मावळ्यांविषयी काय ऐकायचे, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते साहजिकच आहे. परंतु माळे साफ होतात ते याच दिवसांत, आणि जुने वाडे उतरवले जातात तेही पावसाळ्याच्या आधीच. ट्रंकेत चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले शिवाजी महाराज, भालदार, गवळण आणि गुहेतला वाघ उकिरड्यावर जातात ते अशा वेळी. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम याच ऋतूत घेतला आहे.

कसब्यातल्या कुंभारवाड्यातून पुण्याच्या किती पिढ्यांनी ही चित्रे आणली असतील याची गणती नाही. पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून किल्ला करायचा आणि त्यावर चित्रे मांडायची. दिवाळी सरली की किल्ला मोडायचा, चित्रे मात्र राखायची. त्यामुळे एकेका घरात तीन-चार पिढ्यांची चित्रे एकाच पेटीत मिसळलेली असतात. आजोबांचा मावळा कोणता आणि नातवाचा कोणता, हे रंगावरून ठरवायला गेलो तर हमखास फसतो, कारण रंग दर दोन-चार वर्षांनी घरचीच मुले नव्याने देतात. विचारायचे ते मातीला आणि साच्याला.

आधी माती पाहू. चित्र उलटे करावे. बुडाशी बहुधा रंग नसतो. तेथे भाजलेली तांबडी माती दिसली तर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो तत्काळ शोषला जातो आणि पहिल्या पावसाचा वास येतो. बोटाने टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. शाडू करडा-पांढरा असतो व भाजलेला नसतो. थेंब पडताच तो मऊ होऊन बोटाला लागतो, म्हणून तेथे एका थेंबावरच थांबावे. प्लास्टर ऑफ पॅरिसचे बूड सपाट, पांढरेशुभ्र असते. नखाने ओरखडले तर पीठ निघते, थेंबाने ते विरघळत नाही, आणि टिचकीला आवाज बद्द येतो. भिंगातून पाहिले तर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात. ओतताना अडकलेल्या हवेचे ते बुडबुडे होत. माती साच्यात ओतत नाहीत, दाबतात. त्यामुळे पोकळ मातीच्या चित्राच्या आत कुंभाराच्या अंगठ्याचे ठसे उमटलेले असतात. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत हृद्य खूण हीच आहे.

आता साचा. दोन भागांचा साचा जेथे मिळतो तेथे कानांवरून, दंडांवरून, पायांच्या कडेने एक बारीक सांधा येतो. चांगला कारागीर तो घासून टाकतो, तरी काखेत तो राहतोच. साचा कडक असला तर चित्र त्यातून सुटले पाहिजे, म्हणून जुन्या मावळ्याची तलवार मांडीला चिकटलेली आणि हात अंगाशी बांधलेले दिसतात. यात कारागिराचे अज्ञान नाही, साच्याची शिस्त आहे. तलवार अंगापासून सुटी, हात मोकळा, आणि तरीही सगळे एकसंध ओतलेले असेल, तर तेथे लवचिक रबरी साचा वापरला आहे असे समजावे. प्लास्टिकच्या मावळ्याला कोठेतरी, बहुधा तळाशी, तुटल्यासारखा एक छोटा टवका असतो. वितळलेला माल साच्यात शिरला ती ती जागा.

खरी गंमत मापात आहे. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. समजा, ही घट शेकडा आठ आहे. बारा सेंटिमीटरच्या साच्यातून निघालेला मावळा भाजून झाल्यावर अकरा सेंटिमीटरचा होतो. मूळ साचा फुटला आणि या मावळ्यावरूनच नवा प्लास्टरचा साचा घेतला, तर पुढचा मावळा दहा सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि नाक, मिशा, पगडीचे पेच अधिक बोथट होतात. मावळ्यांची वंशावळ अशी पट्टीने मोजता येते. परंतु येथे एक खाच आहे. प्लास्टर घट्ट होताना आकसत नाही, किंचित फुगतेच. तेव्हा एकाच साच्यातून काढलेले मातीचे चित्र लहान व प्लास्टरचे मोठे निघेल, आणि मोठे म्हणजे जुने असे मानणारा तेथे चुकेल. माती ओळखल्यावाचून माप घेऊ नये ते यासाठी.

मग एकाच साच्याची भावंडे ओळखायची कशी? साच्याला कोठे टवका गेला असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक चित्रावर त्या जागी एक मस येतो. टवका आत, मस बाहेर. गालावर किंवा ढालीवर तोच मस दोन घरांतल्या दोन मावळ्यांवर दिसला की ते एका साच्याचे. ज्याच्यावर मस नाही पण बाकी सर्व रेषा जुळतात, तो टवका पडण्यापूर्वीचा. जुन्या नाण्यांचे अभ्यासक ठशाच्या भेगांवरून नाण्यांचा क्रम लावतात, त्यातलीच ही रीत आहे.

हा नाद फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगो कंपनीच्या खेळण्यातल्या विटा जगभर लोक जमवतात. ब्रिटनमधील किडीक्राफ्टच्या विटांवरून घेतलेल्या या विटा १९४९ पासून निघू लागल्या. त्या आतून नुसत्या पोकळ होत्या. विटांना घट्ट धरणाऱ्या आतल्या नळ्यांच्या पेटंटासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. आधीच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या व काळाने वाकत. १९६३ च्या सुमारास ए.बी.एस. नावाचे प्लास्टिक आले आणि वाकणे थांबले. म्हणजे तेथेही जाणकार वीट उलटी करूनच पाहतो.

आणि आपल्याकडे तर ही विद्या फार जुनी. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती मिळाल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या तेथील संग्रहालयात त्या पाहाव्यात, आणि पाहताना कानामागचा सांधा शोधावा.

आता अडचणीचे बोलतो. जुन्या चित्रांना गिऱ्हाईक मिळू लागले तसा प्लास्टरचा मावळा चहाच्या पाण्यात बुडवून, धुरावर धरून 'शंभर वर्षांचा' म्हणून पुढे येऊ लागला. त्याचे बूड ओरखडावे, आत पांढरेशुभ्र निघते. परंतु फसवणुकीपेक्षा आम्हाला दुसऱ्या गोष्टीची धास्ती अधिक आहे. खरे जुने चित्र, कोणाच्या घरचे, कोठून आणलेले, हे काहीही न लिहिता हातोहात विकले गेले, की ते गोजिरे राहते पण मुके होते. चित्राबरोबर चिठ्ठी ठेवावी. घराचे नाव, पेठ, कोणाच्या लहानपणी आणले, उंची किती मिलिमीटर, बूड कशाचे, मस कोठे. शक्य तर बुडाचे छायाचित्रही. चिठ्ठी चित्राला डकवू नये, सुटी ठेवावी. डिंकाने रंग निघतो.

कोणाच्या घरी साचाच निघाला तर तो घासून धुऊ नये. भाजलेल्या मातीचा जुना साचा हाताला खापरासारखा लागतो आणि आत नाकाच्या जागी खळगा असतो, त्यामुळे पुष्कळदा तो फुटके भांडे समजून फेकला जातो. साचा उजेडात तिरका धरावा. बाजूने प्रकाश पडला की खळग्यातला चेहरा उठून वर आल्यासारखा दिसतो.