मामा, ‘हुकमावरून’ म्हणजे कोणाच्या?

लोकलमध्ये कानात इयरफोन घालून ऐकत असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता, तुमचं स्वागत. आजचा भाग छोटा आहे, आणि त्यात फजिती माझीच आहे.

तर झालं असं. मे महिन्यात माझी ताई दोन पोरांना घेऊन चिपळूणहून आली. रात्रीची बोरिवली एसटी. पहाटे हायवेला उतरले, कुरार मेट्रो स्टेशनपाशी, ज्या स्टॉपला आपण अजून पठाणवाडीच म्हणतो. भाचा नऊ वर्षांचा, भाची सहा. आणि माझी लेक चार. आमचं घर वन रूम किचन. दहा वाजेपर्यंत सोफ्याच्या उशा जमिनीवर, आणि आई म्हणाली, “अरे, यांना खाली सोड.”

खाली सोडलं. दहा मिनिटांत तिघं परत वर.

भाचा म्हणाला, “मामा, खाली बोर्ड आहे. कंपाऊंडमध्ये खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.” आणि मग विचारतो, “हुकमावरून म्हणजे कोणाच्या?”

आता काय सांगू? तो बोर्ड मीच लावलाय. दोन वर्षांपूर्वी एका गाडीची काच फुटली, मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला, आणि मी सोसायटीचा सचिव. खाली ‘सचिव’ लिहिलंय ना, तो मी. तेव्हा माझी लेक दोन वर्षांची होती. तिला कुठे खेळायचंय, म्हटलं.

मी स्वतः कुरारच्या चाळीत वाढलो, बरं का. डबा ऐसपैस, विषामृत, लगोरी, सगळं दारात. राज्य आलं की रडायचं, आणि दिवे लागले की आईची हाक. आणि मीच बोर्ड लावून बसलो!

दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांना अक्सा बीचला नेलं. सकाळी सातला पोचलो. अक्साला गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा, दिसतो तितका तो समुद्र साधा नाही. तिथे ओढ आहे, पायाखालची वाळू सरकते, आणि दरवर्षी माणसं बुडतात. म्हणून आईने काठीने वाळूत रेघ मारली आणि सांगितलं, “या रेघेच्या पुढे जो जाईल तो बाद.” खेळाचा नियम केला ना, मग कोणी वाद घातला नाही!

मग सपाट दगड शोधले, सात. लगोरी रचली. भाचा एका बाजूला, ताई दुसऱ्या. माझी लेक लिंबूटिंबू. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिंबूटिंबू म्हणजे खेळात आहे, पण तिच्यावर राज्य येत नाही. चेंडू लागला तरी ती बाद नाही. मला वाटतं लहान मुलाला खेळात सामावून घ्यायची याहून सोपी सोय नसेल. मोठी पोरं चेंडू हळू मारायला शिकतात, आणि लहानाला कळतं की आपल्यालाही जागा आहे.

पण परत येताना हिशेब केला. जायला-यायला रिक्षा, मार्वे रोडचं ट्रॅफिक, नाश्ता, अर्धा दिवस. हे महिन्यातून एकदा जमेल. आणि मूल रोज खेळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी, आणि स्क्रीनसमोर एक तासापेक्षा जास्त बसू नये. आमच्याकडे हे आकडे बरोब्बर उलटे होते. आणि खेळणं म्हणजे लाड नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ मुलांना खेळण्याचा हक्क देतं. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आणि आमच्या जिन्याखाली माझ्या सहीचा बोर्ड!

रविवारी मीटिंग बोलावली. म्हटलं, बोर्ड काढूया. सगळे टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. कसलं काय! तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, “माझा मुलगा नाइट शिफ्टला आहे. दुपारी झोपतो. तुमची पोरं त्याच्या खिडकीखाली.” हे खोटं नव्हतं. गाड्यांचाही प्रश्न होता. कंपाऊंडमध्ये अकरा गाड्या, खेळायला उरतं काय?

दोन तास घासाघीस झाली. शेवटी ठरलं: संध्याकाळी पाच ते सात, मऊ चेंडू, आणि मागच्या कोपऱ्यातल्या चार गाड्या तेवढा वेळ बाहेर. त्यातली पहिली माझी. आता रोज पार्किंग शोधत मी गल्लीला तीन चकरा मारतो. काच फुटली तर खर्च सोसायटीचा. काका अजूनही विरोधातच आहेत, पण पावणेसात वाजता गॅलरीत येऊन उभे राहतात. परवा ओरडले, “अरे, तो बाद आहे, लागला त्याला!”

भाचरं चिपळूणला परत गेली. जाताना भाचा जुन्या बोर्डाच्या जागी नवीन कागद चिकटवून गेला. वेळ लिहिलीय, चेंडूचा नियम लिहिलाय, आणि खाली ‘हुकमावरून’. मी म्हटलं, “अरे, कोणाच्या?” तर म्हणतो, “आमच्या.”

तर मंडळी, आज घरी जाताना तुमच्या सोसायटीचा बोर्ड एकदा वाचा. खाली कोणाची सही आहे, बघा. आणि तुमच्याकडे कच्च्या लिंबाला काय म्हणतात, तेही कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!