वायफायची किल्ली



आज घरात आलेल्या एका नव्या वस्तूविषयी बोलू. तिचे नाव वायफाय.

अमरावती-अकोल्याकडच्या पुष्कळ गावांत आता ही वस्तू दिसते. भिंतीवर एक लहानशी डबी असते. तिच्यावर दिवे लुकलुकतात. या डबीला राऊटर म्हणतात. इंटरनेटची तार बाहेरून डबीपर्यंत येते. तिथून पुढे तार नाही. पुढचे काम डबी हवेतून करते. पोरे त्यावर अभ्यास करतात. कास्तकार कापसाचा अन् तुरीचा भाव पाहतो. पुण्याला गेलेल्या लेकीचे तोंड मायला मोबाईलवर दिसते. वस्तू मोठ्या सोयीची आहे.

पण तिची एक खोड समजून घेतली पाहिजे. रेडिओच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. वायफायच्याही लहरीच असतात. त्या रेडिओइतक्या दूर जात नाहीत. पण मातीची किंवा विटांची भिंत त्यांना पुरती अडवू शकत नाही. त्या अंगणात जातात, रस्त्यावर जातात, शेजारच्या ओसरीवर जातात. तुम्ही दाराला कडी लावली, तरी वायफाय बाहेर गेलेलेच असते.

कोणी म्हणेल, "जाऊ द्या ना गुरुजी! आपल्या विहिरीचे पाणी कोणी भरले, तर आपले काय गेले?"

भाऊ, पाणी नेणारा पाणीच नेतो. वायफाय वापरणारा तुमचे नाव वापरतो. कसे ते सांगतो.

इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणत्या वेळी कोणाच्या घरी होता, याची नोंद कंपनीकडे असते. तुमच्या डबीवरून घरचे पोरगे बोलो की रस्त्यावरचा परका बोलो, बाहेर क्रमांक एकच दिसतो. तो तुमचा. उद्या चौकशी झाली, तर पहिले दार तुमचे वाजते.

ही नुसती कल्पना नाही. आपल्या महाराष्ट्रातच हे घडले आहे.

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी गुजरातेत अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्ब फुटले. ५६ माणसे प्राणाला मुकली. बॉम्ब फुटण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. ईमेल म्हणजे इंटरनेटवरचे पत्र. हे पत्र कोठून निघाले, याचा पोलिसांनी माग काढला. तो माग नवी मुंबईत सानपाडा येथे एका घरी पोचला. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. पोलिसांनी त्यांची कसून चौकशी केली. त्यांचे संगणक तपासले. पुढे कळले, की त्या गृहस्थांचा यात काही हात नाही. त्यांच्या वायफायला कुलूप नव्हते. परक्यांनी त्यावरून पत्र पाठवले होते. गृहस्थ निर्दोष ठरले. पण मधल्या दिवसांत त्या घराने काय सोसले असेल, याचा विचार करा.

त्याच टोळीने पुढे आणखी दोनदा हाच डाव खेळला. ऑगस्ट २००८ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या एका कॉलेजचे वायफाय वापरले. सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचे वापरले. तेव्हा सारे जागे झाले. जानेवारी २००९ मध्ये मुंबईचे पोलीस संगणक घेऊन रस्त्यांनी फिरू लागले. कोणाचे वायफाय उघडे आहे, हे ते शोधत होते.

पूर्वी अडाणी माणसाकडून सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेई. मागाहून त्यावर वाटेल ते लिही. उघडे वायफाय म्हणजे असाच कोऱ्या कागदावरचा अंगठा आहे. तुम्ही आता अंगठा सोडून सही शिकलात. मग इथे अंगठा कशाला द्यायचा?

आता उपाय ऐका.

पहिला उपाय पासवर्ड. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी विचारी, तसा डबी विचारते. शब्द बरोबर आला, तरच आत घेते. हा शब्द तुमचा स्वतःचा असावा. आपले नाव, गावाचे नाव, मोबाईल नंबर ठेवू नका. हे साऱ्या गावाला ठाऊक असते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा, जसे बैल, टोपले, पाऊस. मात्र हेच शब्द घेऊ नका. निदान बारा अक्षरे तरी असावीत.

दुसरा उपाय, कुलूप चांगल्या जातीचे असावे. डब्ल्यूपीए-३ हे नवे कुलूप. ते नसेल तर डब्ल्यूपीए-२ चालेल. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप आहे. जाणता चोर ते काही मिनिटांत उघडतो.

तिसरा उपाय, डबीची आणखी एक किल्ली असते. तिने डबीची सारी मांडणी बदलता येते. कारखान्यातून पुष्कळदा ती 'ॲडमिन' अशी सोपी येते. ती बदला. ती परक्याच्या हाती लागली, तर तो तुम्हाला बँकेच्या खोट्या पानावर नेऊ शकतो.

चौथा उपाय, महिन्यातून एकदा डबीवरची यादी पाहा. किती मोबाईल जोडले आहेत, हे तिच्यात दिसते. घरात चार मोबाईल अन् यादीत सात, तर पासवर्ड लगेच बदला.

हे काम जमत नसेल, तर डबी बसवणाऱ्याला घरी बोलवा. जवळ बसून करून घ्या. पण नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका. इंग्रजी अक्षरे अडली, तर घरातल्या शिकत्या पोराला विचारा. त्यात लाज नाही.

आता मोठा अवघड प्रश्न. शेजारची पोरगी येते अन् म्हणते, "काका, परीक्षा आहे. वायफाय द्या ना." तिला नाही कसे म्हणावे? आपल्या वऱ्हाडात दारी आलेल्याला परत पाठवत नाहीत. पाठवूही नका. पुष्कळ डब्यांत 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. त्याला वेगळा पासवर्ड असतो. पाहुणा ओसरीवर बसतो, आतल्या खोलीत जात नाही, तसेच हे. पण ओसरीवरूनही क्रमांक तुमचाच जातो. म्हणून ज्याला ओळखता, त्यालाच द्या. परीक्षा झाली, की शब्द बदला. देणे वाईट नाही. कोणाला दिले, हे ठाऊक नसणे वाईट.

एवढे करूनही कोणी फसवले अन् बँकेतून पैसे गेले, तर वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा.

आज घरी गेलात, की डबी उलटी करून पाहा. खाली पासवर्ड छापलेला असतो. घरी येणारा कोणीही तो वाचू शकतो. तोच अजून चालू असेल, तर आजच बदला.